पहिल्या रविवारची खिचडी

नीरजाच्या लेखी वॉर्ड म्हणजे एक तर इस्पितळातला, नाही तर अमरावतीच्या महापालिकेचा. त्यामुळे समोरच्या घरातली व्हर्ला नावाची साठीची बाई पहिल्याच आठवड्यात घरी भाजलेला पाव घेऊन दारात आली आणि "आमच्या वॉर्डात तुमचं स्वागत आहे" म्हणाली, तेव्हा नीरजाला वाटलं, बाई नगरसेविका असावी. मग तिने स्वतःला "सिस्टर" म्हणवून घेतलं, तेव्हा वाटलं, नर्स. दोन दिवसांनी दुसरी सिस्टर आली, मग तिसरी. गावात एवढ्या नर्सा असून दवाखाना मात्र अर्ध्या तासावर कसा, हे कोडं काही तिला सुटेना. ते लेकीने सोडवलं. नऊ वर्षांची अनुया शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "आई, एव्हरीवन हिअर इज मॉर्मन. वॉर्ड मीन्स देअर चर्च. अँड दे डोन्ट ड्रिंक टी."

बाकीचं सगळं नीरजाच्या डोक्यावरून गेलं. "चहा पीत नाहीत? मग पाहुणा आला की काय देतात?"

"ज्यूस."

"काय बाई तरी," नीरजा म्हणाली.

गाव कॅनडातल्या लेथब्रिजच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेकडे जाताना लागणारं. एक रस्ता, एक शाळा, एक दुकान, दोन चर्चं आणि चहूकडे बीट नि बटाट्याची शेतं. वारा असा, की गाडीचं दार उघडायचं तर आधी आडोसा पाहावा लागे. इथे कोणी हौसेने राहायला येत नाही आणि नीरजाही हौसेने आली नव्हती. तिचा नवरा राजन कॅल्गरीत पाइपलाइनच्या ड्रॉइंगचं काम करायचा. दोन हजार पंधरा साली तेलाचे भाव गडगडले आणि ऑफिसचा निम्मा मजला एका शुक्रवारी रिकामा झाला, राजनसकट. वर्षभर त्याने मिळेल तिथे अप्लाय केलं. शेवटी कॅल्गरीचं भाडं परवडेना, तेव्हा राजनच्या जुन्या साहेबाने आपलं या गावातलं रिकामं घर स्वस्तात दिलं. थोडे दिवसांचाच प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

हिवाळा आला, बेकारभत्ता संपला. राजन बटाट्याच्या गोदामात निवडणीला जाऊ लागला, तेही बोलावलं तरच. आणि ज्या नीरजाने कॅल्गरीच्या मराठी मंडळात दरवर्षी दिवाळीच्या फराळाचं काम अंगावर घेतलं होतं, ती आता दुकानात डाळीचं पाकीट उचलायची आणि परत ठेवायची.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मागच्या दारावर टकटक झाली. गराजकडून कोणी येत नसे, म्हणून ती दचकलीच. दारात व्हर्लाच्या चर्चचा बिशप उभा. बिशप म्हटल्यावर नीरजाच्या मनात लांब झगा आणि हातात दंड. हा जीन्समधला, टोपीवर बर्फ घेऊन आलेला ग्लेन नावाचा माणूस. गावात शेतीच्या पाण्याचे पंप विकायचा आणि उरलेल्या वेळात बिनपगारी बिशपगिरी करायचा. हातात मोठं खोकं होतं. पीठ, ओट्स, वाटाणे, चीज, पीचचे डबे आणि खाली बटाटे.

"आम्ही तुमच्या चर्चचे नाही," नीरजा म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बटाटे थंड जागी ठेवा, नाही तर कोंब येतील." आणि गेला.

राजन नेमका तेव्हा वॉशरूममध्ये होता. पुढच्या खेपेला खोकं आलं तेव्हाही तो नेमका वॉशरूममध्येच होता.

आता इथे नीरजाच्या मनात काय झालं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. तिचे वडील दीनानाथ शाळामास्तर. त्यांच्या शाळेतला शिपाई कधीतरी मिशनऱ्यांच्यात गेला, तर त्यांनी त्याच्या हातचं पाणी सोडलं नाही, पण जन्मभर म्हणत राहिले, "दुधाच्या पावडरीसाठी देव विकला गड्याने." त्या घरात वाढलेल्या मुलीच्या ओट्यावर आता परक्या चर्चचं पीठ होतं. ते दान म्हणून घ्यायचं तर तिची मान खाली जात होती. म्हणून तिने ठरवून टाकलं की हे दान नाही. हे लोक आपल्याला गळाला लावताहेत. जगात फुकट कोणी काही देत नाही. त्यांना आपण हवे आहोत, आपल्याला पीठ हवं आहे, झाला व्यवहार. भीक घेतली म्हणण्यापेक्षा हे तिला सोसत होतं. बिशप मागच्या दाराने येतो, यातही तिला काळंबेरंच दिसलं. सरळ माणूस पुढच्या दाराने येईल की नाही?

आणि व्यवहार म्हटला की आपली बाजू पाळायला नको? नीरजा अनुयाला घेऊन दर रविवारी चर्चमध्ये जाऊ लागली. ठेवणीतला सलवार-कुर्ता, वर जाड पार्का कोट, पायात बर्फाचे बूट. पहिल्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी "आमेन" म्हणून मोकळी झाली. पण मग शिकली. गाणी ओठ हलवून म्हणायची, डोळे योग्य वेळी मिटायचे, भेटेल त्याच्याकडे पाहून कृतज्ञतेने हसायचं. तिला वाटायचं, या सगळ्यांना माहीत आहे. हा समोरचा लाल गालांचा शेतकरी, ती तीन पोरांची आई, सगळे मनात म्हणत असणार, बघा, आपले बटाटे खाऊन कशी वळणावर आली. एकदा तर ती व्हर्लाला म्हणालीसुद्धा, "बटाटे फार छान होते हं." व्हर्ला गोंधळून "कुठले बटाटे?" म्हणाली. काय नाटकी बाई आहे, असं नीरजाच्या मनात आलं.

नाटक खरं तर हीच करत होती. व्हर्ला येताना दिसली की उकळत्या चहावर झाकण पडायचं आणि खिडकी उघडायची. उणे पंचवीसात उघडलेली खिडकी पाहून व्हर्ला काही बोलायची नाही. एकदा मात्र तिने हवेत नाक वर केलं. "किती छान वास आहे! काय आहे हे?"

"सूप," नीरजा म्हणाली. "आल्याचं."

व्हर्लाने रेसिपी मागितली. नीरजाने आल्याच्या सुपाची, ज्यात चहापत्ती सोडून सगळं होतं, अशी रेसिपी दिली.

दर रविवारी दुपारी कॅल्गरीहून मैत्रीण रश्मीचा फोन यायचा. रश्मीला सांगितलेली गोष्ट मंडळाला सांगितल्यासारखीच. नीरजा हसत हसत सांगायची, "अगं, मागेच लागलेत गं हे लोक! खोकीच्या खोकी आणून टाकतात दारात. आम्हाला काय करायचंय? मी आपली इकडेतिकडे वाटून टाकते."

"सांभाळ हं," रश्मी खिदळायची. "एक दिवस कळायचं, आमची नीरजा सिस्टर झाली."

हे बोलणं चालू असताना राजन समोरच्या सोफ्यावर लॅपटॉप उघडून बसलेला असायचा. तो हसायचा नाही. तो हल्ली कशालाच हसत नाही म्हणून नीरजाने ते मनावर घेतलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बिशपने खोकं ठेवता ठेवता सांगितलं की पलीकडच्या गावातल्या साखर कारखान्यात मेंटेनन्सला माणूस घेणार आहेत, त्याचा मेहुणा तिथे आहे, राजनने अप्लाय करावं, तो शब्द टाकील. दार लागलं आणि नीरजा तिथेच उभी राहिली. आली, मोठी किंमत मागायची वेळ आली. पीठ-बटाट्याला रविवारचं हसणं पुरलं. नोकरीला ते पुरणार नाही. मग काय पुरेल? चर्चमध्ये अनुयाच्या वर्गातल्या पोरी तिला हौसेने विचारायच्या, तुझा बाप्तिस्मा कधी? आठव्या वर्षी होतो त्यांच्यात. अनुया एकदा घरी येऊन म्हणालीही होती, "आर वी गोइंग टू बी मॉर्मन?" तेव्हा नीरजा "काहीतरीच काय" म्हणाली होती.

दोन रात्री तिला झोप नाही. आपण स्वतः त्यांच्यात गेलो तर राजन विचारील, सासर विचारील. पोर आहे, पाण्यात एक बुडी मारली तर काय बिघडतं? घरात देव आहेतच. मोठी झाली की विसरेल. असं स्वतःला सांगत तिने ठरवलं, की अनुयाला द्यायची. राजनला सांगायचं नोकरी लागल्यावर. हे ठरवताना तिला वडिलांचा चेहरा दिसला, आणि तिने उठून उगाचच ओटा पुसला.

त्याच आठवड्यात व्हर्ला म्हणाली, "येत्या रविवारी आमचा उपास असतो. महिन्याचा पहिला रविवार. फेब्रुवारीतला बर्फाच्या वादळाने बुडाला, म्हणून तुम्ही पाहिला नाहीत. त्या दिवशी कोणीही पुढे जाऊन माइकवर मनातलं बोलू शकतं. तुम्हाला वाटलं तर तुम्हीही करा उपास."

उपास! नीरजाच्या जिवात जीव आला. इतके दिवस या लोकांत तिला काहीच येत नव्हतं. गाणी येत नव्हती, त्यांची ती जेली घातलेली सॅलडं येत नव्हती. पण उपास? चतुर्थी, एकादशी, नवरात्र. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोथिंबीर चालते की नाही यावरून तिची आई आणि सासू लग्नातच एकमेकींशी बोलायच्या थांबल्या होत्या. आता दाखवते, म्हणाली. सगळ्या वॉर्डाला खाऊ घालते, आणि मग त्या माइकवर जाऊन सांगूनच टाकते, की माझ्या मुलीला घ्या.

शनिवारी तिने राजनला लेथब्रिजच्या देशी दुकानात पिटाळलं. "साबुदाणा आण. मोठी पिशवी."

"एवढा काहून?"

"चर्चमध्ये उपास आहे."

राजनने तिच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेऊन गेला.

रात्री साबुदाणा भिजला, दाण्याचं कूट झालं. रविवारी पहाटे तिने साठवणीतलं तूप सगळं काढलं, जिरं तडतडलं, मिरची पडली आणि खोक्यातले बटाटे फोडी होऊन त्यात गेले. अशी मोकळी, मोत्यासारखी खिचडी तिच्या हातून कित्येक दिवसांत झाली नव्हती. मीठ बघायला म्हणून तिने वाटीभर खाल्ली, बरी लागली म्हणून आणखी वाटीभर. मग पातेलं टॉवेलात गुंडाळून, अनुयाच्या हाती कागदी ताटल्या देऊन निघाली. राजन घरीच राहिला.

चर्चच्या दारातून आत गेल्यावर जो मोठा पॅसेज आहे, तिथे तिने टेबल ओढलं, पातेलं ठेवलं आणि झाकण काढलं. तुपाचा आणि जिऱ्याचा वास क्षणात साऱ्या इमारतीत पसरला. लोक यायला लागले. येत होते, थबकत होते, तिच्याकडे पाहून हसत होते आणि ताटली न उचलता आत जात होते. लाल गालांच्या त्या शेतकऱ्याने तर थुंकी गिळल्याचं तिला स्पष्ट दिसलं. त्याची बायको त्याला दंडाला धरून आत घेऊन गेली. बारकी पोरं तेवढी टेबलाला चिकटली. नीरजा त्यांना वाढत सुटली.

"आई," अनुया खालच्या आवाजात म्हणाली, "आय थिंक दे आर नॉट सपोज्ड टू ईट."

"चूप. उपासाचंच आहे हे."

तेवढ्यात व्हर्ला आली. तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला, मग डोळे उघडून पातेल्याकडे पाहिलं आणि मग नीरजाकडे. "ओह, हनी," ती म्हणाली.

नीरजा भराभरा सांगू लागली. हे उपासाचं अन्न आहे. यात धान्य नाही, कांदा नाही, लसूण नाही. हे चालतं. तिच्या इंग्रजीत "चालतं" ला शब्द सापडेना, म्हणून ती "अलाउड, अलाउड" म्हणत राहिली.

व्हर्लाने तिचा हात हातात घेतला. "आमच्या उपासात काहीच खात नाहीत गं. कालच्या संध्याकाळपासून आजच्या संध्याकाळपर्यंत. पाणीसुद्धा नाही."

नीरजाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. म्हणजे आपण शंभर उपाशी माणसांच्या वाटेत तुपातली खिचडी परतून ठेवली होती, आणि वर हसत उभ्या होतो. तिने झाकण शोधलं, ते सापडेना, शेवटी टॉवेलच पातेल्यावर टाकला. ऑर्विल नावाचे एक नव्वदीचे आजोबा तेवढे काठी टेकत आले आणि म्हणाले, "मला डायबेटिस आहे, मला डॉक्टरने उपास बंद केलाय," आणि ताटली पुढे केली. व्हर्ला खळखळून हसली. नीरजाला हसू येईना, पण तिने आजोबांना वाढलं.

"तुमचा उपास छान आहे," व्हर्ला तिला सावरायला म्हणाली. "पण आमचा कशासाठी असतो सांगू? देवासाठी तर आहेच. पण आज आम्ही जे खाल्लं असतं, तेवढं बिशपकडे देतो. दर महिन्याला. गावात कुणाच्या घरी चूल अडली असेल तर तो त्यातून त्यांना पीठ, बटाटे, काय हवं ते पोचवतो."

"कोणाला?" नीरजाने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"ते फक्त बिशपला ठाऊक. आम्हाला कधीच कळत नाही आणि आम्ही विचारत नाही. म्हणून तर तो बिचारा अंधार पडल्यावर, मागच्या दारांनी हिंडत असतो." व्हर्ला परत हसली. "माझी आई म्हणायची, घेणाऱ्याला रस्त्यात मान वर करून चालता आलं पाहिजे."

नीरजाने पातेल्याची कड धरली. कोणालाच माहीत नव्हतं. लाल गालांच्या शेतकऱ्याला नाही, तीन पोरांच्या आईला नाही, "कुठले बटाटे" विचारणाऱ्या व्हर्लाला नाही. दोन महिने ज्यांच्याकडे पाहून ती गिऱ्हाइकासारखी हसत होती, त्यांनी काही विकायला काढलंच नव्हतं. व्हर्लाने पहिला पाव आणला तो नुसताच पाव होता. ही माणसं महिन्यातून एक दिवस उपाशी राहत होती आणि त्यांच्या तोंडचं आपण खात होतो, त्याला गळ म्हणत होतो, रश्मीला सांगून खिदळत होतो. आज त्याच बटाट्यांची खिचडी करून त्यांच्याच नाकापुढे नाचवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शहाणी बाई असती तर तिथूनच घरी गेली असती. पण लाजेने माणसाचं डोकं चालत नाही. नीरजाला वाटलं, इतकं खाल्लंय तर आता काहीतरी दिलंच पाहिजे, आत्ताच्या आत्ता. सभेला थोडा वेळ होता. ती सरळ बिशपच्या छोट्या खोलीत शिरली. तो टाय सारखा करत होता.

"तुम्ही माझ्या मुलीला घ्या," ती म्हणाली. "बाप्तिस्म्याला. आज सांगते मी सगळ्यांपुढे."

बिशपने टाय सोडून दिला. "तिला हवंय?"

"ती लहान आहे."

"राजनला माहीत आहे?"

नीरजाने नकारार्थी मान हलवली.

"मग का, नीरजा?"

"तुम्ही इतकं दिलंत. आता नोकरीसाठीपण शब्द टाकताय. मी काहीतरी..." पुढचं इंग्रजी तिला येईना.

तिला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. त्याचा चेहरा पडला. कान लाल झाले, मानेपर्यंत लाल झाला तो. खुर्चीवर बसला आणि चष्मा काढून हातात घेतला. तिच्या आधी तो मान खाली घालील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"असं वाटावं असं मी काही बोललो का?" त्याने विचारलं. "किंवा आमच्यातलं कोणी?"

"नाही. कोणी नाही."

"तरी माझं चुकलंच असणार," तो म्हणाला. "दोन महिने तुम्ही घरात बसून याचा हिशोब करत होता आणि मी खोकं ठेवून निघून जात होतो. दोन मिनिटं बसायला हवं होतं मी." त्याने चष्मा परत लावला. "मी तिला घेऊ शकत नाही. राजनला विचारा. मग तिला विचारा. आणि तुम्हाला आमच्या बटाट्यांची गरज उरणार नाही, तेव्हा वाटलं तर मला विचारा. खोकं मंगळवारी येईल. मेहुण्याशी मी बोललोय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

नीरजाला त्याने नकार दिला होता. आता तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. व्यवहार मोडला, आणि उरलं ते नुसतं दान.

सभेत ती व्हर्लाशेजारी बसली. अनुया पोरींत जाऊन बसली होती. एकेक जण माइकवर जाऊन बोलत होता, कोणी रडत होता. कोणी नुसतंच आईची आठवण सांगून खाली येत होता. मधूनमधून सगळं शांत व्हायचं, आणि त्या शांततेत पोटं गुरगुरायची. मागच्या बाकावरचं कोणाचं तरी, मग पुढच्या बाकावरचं. व्हर्लाचं पोट तर एवढ्या मोठ्याने वाजलं की ती तोंडावर हात ठेवून हसली आणि कुजबुजली, "सॉरी. तुझ्या खिचडीचा दोष."

नीरजाच्या पोटात दोन वाट्या खिचडी होती. तिचं पोट काही वाजलं नाही. ती सभा संपेपर्यंत मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली, माइककडे गेली नाही.

निघताना व्हर्लाने हक्काने एक मोठा डबा भरून घेतला, संध्याकाळी उपास सोडायला. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. तरी अर्धं पातेलं उरलंच.

घरी राजन स्वयंपाकघरात उभा होता. पातेलं पाहून म्हणाला, "उरली?"

अनुया जिना चढून आपल्या खोलीत गेली. नीरजा पार्का न काढताच खुर्चीवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. खिचडीचं, उपासाचं, बटाट्यांचं. आणि अनुयाचं.

"तू अनुयाला द्यायला निघाली होतीस," राजन म्हणाला.

"हो."

"मला न विचारता."

"हो."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समोरची खुर्ची ओढून बसला आणि टेबलावरच्या टॉवेलाचं टोक चाचपत राहिला.

"ग्लेनला कसं कळलं असेल गं," तो म्हणाला, "की आपल्या घरी पीठ संपलंय?"

"लहान गाव आहे. कळतंच."

"नाही कळत. मी सांगितलं." राजन तिच्याकडे पाहत नव्हता. "डिसेंबरात त्याच्या दुकानात काम मागायला गेलो. काम नव्हतं. निघताना त्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी हो म्हणणार होतो. दारापर्यंत गेलो. मग परत फिरलो आणि म्हटलं, नाही, घरी खायला नाही. या तोंडाने म्हटलं, नीरजा. मुलगी आहे म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तर तू फोनवर रश्मीला सांगत होतीस, मागे लागलेत म्हणून. हसत होतीस." त्याने टॉवेल सोडून दिला. "तू बऱ्याच दिवसांनी हसत होतीस. म्हटलं, हसू दे."

तो वॉशरूममध्ये का जाऊन बसायचा ते तिला आत्ता कळलं. दार उघडून ते खोकं घेणं याच्याने होत नव्हतं, म्हणून तिने घेतलं. आणि घेताना ती मात्र नाक वर करून उभी राहिली. दोन महिने या माणसाने आपली लाज एकट्याने गिळली, आणि तिने त्याच्यासमोर बसून त्या खोक्यांची टिंगल केली. तिने त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही, पण वरही पाहिलं नाही.

फोन वाजला. रविवार दुपार, रश्मीच असणार. राजन उठायला लागला, तर तिने त्याला हाताने बसवलं.

"काय म्हणताय सिस्टर नीरजा?" रश्मी नेहमीच्या खुशीत होती. मागे कोणीतरी बायका बोलत होत्या, मंडळातल्याच असाव्यात. "थांब, तुला स्पीकरवर टाकते. सांग बरं, अजून मागे लागलेत का तुझे ते लोक?"

नीरजाने राजनकडे पाहिलं. तो मान हलवून "नको" म्हणत होता.

"नाही रश्मी," ती म्हणाली. "ते मागे नव्हतेच लागले गं. आम्ही मागितलं होतं."

"काय मागितलं होतं?"

"खायला," नीरजा म्हणाली.